दहापैकी किती?

ज्या गोष्टी मोजता येत नाहीत असे शहाणे लोक आजवर सांगत आले, त्या सर्व मोजून दाखविण्याचा विडा आपल्या काळाने उचललेला दिसतो. पूर्वी नाटक पाहून आलेल्या माणसास 'कसे काय झाले?' असे विचारीत. आता 'दहापैकी किती?' असे विचारतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर थोडा वेळ, थोडी भाषा आणि पुष्कळसा प्रामाणिकपणा लागे. दुसऱ्याला एक आकडा पुरतो. आम्ही स्वतः आयुष्याची चौतीस वर्षे भोसरीच्या एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करण्यात घालविली असल्यामुळे आकड्यांविषयी आमच्या मनात तिटकारा असण्याचे कारण नाही. ज्याने आम्हांस पोसले त्याच्याविषयी असावी तेवढी कृतज्ञताच आहे. तथापि गेल्या महिन्यात आमच्या दिवाणखान्यात एक प्रसंग घडला, आणि आकडा कोठवर चालतो व कोठे थांबतो याचा विचार आम्हांस नव्याने करावा लागला.

आमचा पुतण्या चाकणच्या एका मोटारींच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. इकडच्या पुष्कळशा कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते, ही गोष्ट पुण्याच्या पाहुण्यांस अजूनही समजावून सांगावी लागते. अशा एका गुरुवारी तो आपल्या एका मित्रास घेऊन निगडीस आमच्या घरी आला, आणि चहाचे कप रिकामे होण्याच्या आत त्या दोघांत कडाक्याचा वाद जुंपला. वाद राजकारणाचा नव्हता, पगारवाढीचाही नव्हता. 'स्टार ट्रेक : डिस्कव्हरी' या अमेरिकन विज्ञानमालिकेचा होता. ही मालिका २०१७ साली सुरू झाली आणि पाच पर्वे पुरी करून २०२४ साली संपली. मालिका संपली, वाद मात्र संपला नव्हता.

"तीन," मित्र म्हणाला. "दहापैकी तीन. आणि तेसुद्धा चित्रीकरणाचे."

"तू शेवटचे पर्व पाहिलेस तरी का? मी नऊ दिलेत."

"पाहिले म्हणूनच तीन. अरे, ज्याने सगळी आखणी केली तो गृहस्थ पहिला भाग लोकांपुढे येण्याच्या आधीच बाहेर पडला. त्याच्या मागून आलेले दोघे दुसऱ्या पर्वाच्या वेळी गेले. सुकाणू धरणारेच बदलत राहिले, तर जहाज जाणार कुठे?"

"जहाज कुठे गेले ते बघ ना! सुकाणू कोणी धरले ते कशाला बघतोस?"

एवढ्यावर भागले नाही. दोघांनीही आपापले फोन काढले आणि साऱ्या जगाने त्या मालिकेस सरासरी किती गुण दिले आहेत हे पाहून एकमेकांस खोटे पाडण्याचा उद्योग आरंभिला. अखेर पुतण्याने आम्हांस पंच नेमले. "काका, तुम्ही किती द्याल?"

आता खरे सांगावयाचे तर आम्ही त्या मालिकेचा एकही भाग पाहिलेला नव्हता. तरी आमच्या तोंडून 'सात' हा आकडा निघून गेला. सात हा मोठा सभ्य आकडा आहे. तो दिल्याने कोणी रागावत नाही, आणि दिलेल्या मताबद्दल कोणी जाबही विचारीत नाही. दोघांचेही समाधान झाले. आमचे मात्र झाले नाही. चौतीस वर्षे वस्तू हाती घेतल्यावाचून आम्ही एकाही तपासणीपत्रकावर सही केली नव्हती. आमच्या निवृत्त हाताने ती पहिली खोटी सही केली, असे आम्हांस वाटत राहिले.

तपासणीच्या धंद्यातली एक साधी गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. समजा, पंचवीस मिलिमीटर व्यासाचे दोन शाफ्ट करावयाचे आहेत. एक शाफ्ट पाच शतांश मिलिमीटरने जाड झाला, दुसरा नेमका तितकाच बारीक झाला. दोहोंची सरासरी काढाल तर ती बरोबर पंचवीस येईल. हिशेबात तिळभर खोट सापडणार नाही. पण यंत्रात जाड शाफ्ट शिरणार नाही आणि बारीक शाफ्ट खडखडेल, म्हणून दोहोंवर तांबडा रंग लागून दोन्ही बाजूला पडतील. आमच्या दिवाणखान्यातही तेच झाले. एकाचे नऊ आणि दुसऱ्याचे तीन मिळून सरासरी सहा येते. पण सहा असे मत त्या खोलीत कोणाचेच नव्हते. सरासरीने जो रसिक निर्माण होतो तो कोठेही राहत नाही, कशावरही प्रेम करीत नाही आणि कशावरही चिडत नाही. अशा माणसाच्या अभिरुचीवर कलाकृतीचा निवाडा करणे म्हणजे गावात नसलेल्या पाटलाची साक्ष काढण्यासारखे आहे.

त्यातही आकडे दोन प्रकारचे आहेत, आणि त्यांची गल्लत नेहमी होते. एक आकडा किती लोक समोर बसले हे सांगतो. दुसरा, बसलेल्यांस काय वाटले हे सांगतो. आपल्याकडे घरोघरी ठाऊक झालेला टीआरपी हा पहिल्या जातीचा. काही निवडक घरांत यंत्रे बसवून त्यावरून साऱ्या देशाचे डोळे कोठे लागले आहेत याचा अंदाज करावयाचा, आणि त्या अंदाजावर जाहिरातींचे दर ठरवावयाचे, असा तो व्यवहार. ऑक्टोबर २०२० मध्ये या यंत्रांच्या घरांशी पैसे देऊन संधान बांधल्याचे आरोप मुंबईत झाले आणि वृत्तवाहिन्यांचे आकडे जाहीर करणे बंद पडले. ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. कारखान्यात मापाचे हत्यारच संशयास्पद ठरले तर त्या दिवसाचा सगळा माल अडकून पडतो. येथे माल चालतच राहिला. परंतु हे यंत्र निर्मळ असते तरी काय झाले असते? समोर बसलेला मनुष्य तल्लीन होऊन बसला होता की जेवणाचे ताट येण्याची वाट पाहत बसला होता, हे त्यास कधीच कळले नसते.

कौटुंबिक मालिकांच्या प्रेक्षकांपेक्षा विज्ञानमालिकांचे प्रेक्षक अधिक भांडतात, हे आमच्या फार दिवसांपासून ध्यानात आले होते. त्याचे कारण मात्र त्या गुरुवारी उमगले. सासू-सुनेच्या कथेत एखादी सून एका रात्रीत सद्गुणी झाली, तर आपण 'माणसाचे मन आहे' म्हणून सोडून देतो. विज्ञानकथेत तशी सवलत नाही. ती आरंभीच आपले नियम सांगते: हे यान इतक्या वेगाने जाते, या यंत्राला अमुक साध्य आहे आणि तमुक असाध्य आहे. आमच्या भाषेत बोलावयाचे तर ती वस्तूबरोबर तिचे ड्रॉइंगही प्रेक्षकाच्या हाती देते. ज्याच्या हाती ड्रॉइंग आले तो तपासनीस झालाच. पुढे नियम मोडला की तो जागचा उठतो आणि 'नापास' म्हणून ओरडतो. आणि तसे ओरडण्याचा त्यास पुरता अधिकार आहे, कारण तो स्वतःची आवड कलाकृतीवर लादीत नसून तिनेच दिलेल्या वचनाची तिला आठवण देत असतो.

असा निखळ निवाडा आपल्या वाट्यास यावा म्हणून एका थोर मराठी माणसाने केलेली युक्ती प्रसिद्ध आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेस 'कृष्णविवर' नावाची एक कथा आली. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप. कथेस पहिले बक्षीस मिळाले, आणि मग कळले की हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर; आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ते नाव घेतले होते. हॉइल-नारळीकर सिद्धांतामुळे १९६४ पासून त्यांचे नाव घरोघरी गेलेले होते. नावाकडे पाहून गुण मिळाले असते तर ते नावाचे झाले असते. त्यांना कथेचे गुण हवे होते. २० मे २०२५ रोजी ते पुण्यास निवर्तले तेव्हा आम्हांस त्यांच्या ग्रंथांइतकीच ही लहानशी गोष्ट आठवली.

नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरू फ्रेड हॉइल हे तर विज्ञानमालिकेचे एक आद्य जनकच. १९६१ साली बीबीसीने दाखविलेली 'ए फॉर अँड्रोमेडा' ही मालिका त्यांच्या कल्पनेवर उभी होती. संवाद आणि दृश्ये रचण्याचे काम जॉन इलियट यांनी केले. दोघांचा अधिकार वेगळा आणि दोघांचेही नाव मालिकेवर. पुढे त्या मालिकेची बहुतेक चित्रमुद्रणे नष्ट झाली, म्हणून आज तिला गुण द्यावयाचे म्हटले तरी ते देणार कशाला? हिंदीत दूरदर्शनवर १९९८ साली केतन मेहतांचे 'कॅप्टन व्योम' आले व गेले. मराठीत मात्र, जेथे नारळीकरांची कथा पोरांच्या हातून फाटेपर्यंत वाचली गेली, तेथे दूरचित्रवाणीने या प्रकाराला फारच थोडी जागा दिली. आठवड्याच्या आकड्यावर जगणाऱ्या वाहिनीने तिकडे पाहावे तरी का? आमच्या पुतण्यास भांडण्यासाठी परदेशी यान लागते, त्याचे कारण हेच.

परंतु तपासनिसाचा अधिकार कोठे संपतो? मूळच्या 'स्टार ट्रेक'ची हकीकत या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे. आमच्या पिढीने ही मालिका ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर पाहिली. अमेरिकेत ती १९६६ साली एनबीसी वाहिनीवर सुरू झाली होती. प्रेक्षकसंख्येचा आकडा बेताचा, म्हणून दुसऱ्या वर्षीच ती बंद होणार अशी वार्ता पसरली. तेव्हा तिच्या चाहत्यांनी पत्रांची मोहीम उभारली. वाहिनीच्या कचेरीत एक लाखाहून अधिक पत्रे येऊन पडली, आणि मार्च १९६८ मध्ये वाहिनीला पडद्यावरूनच जाहीर करावे लागले की मालिका पुढे चालू राहील. चाहते जिंकले. पण वाहिनीने पैसा कमी केला, आणि शुक्रवारी रात्री दहाची वेळ दिली. तरुण प्रेक्षक त्या वेळी घरी थोडाच सापडणार! मालिकेचा जनक जीन रॉडेनबेरी याने रुसून रोजच्या कामातून अंग काढून घेतले. तिसरे पर्व सर्वांत दुबळे, असे खुद्द चाहतेच मानतात. चाहत्यांनी जहाज वाचविले आणि कप्तान गमावला. ३ जून १९६९ रोजी शेवटचा भाग दाखविला गेला. त्यानंतर दीड महिन्याने माणसाने चंद्रावर पाऊल ठेवले, आणि तो मुहूर्त त्या मालिकेस पडद्यावर साधता आला नाही.

या हकीकतीत तिसरा पक्ष कोण हे पाहण्यासारखे आहे. कर्ता एक, प्रेक्षक दुसरा, आणि ज्याच्या तिजोरीतून पैसा येतो तो मालक तिसरा. आमचे तरुण मित्र आपसांत भांडतात तेव्हा त्यांस वाटते की आपला तंटा कर्त्याशी किंवा एकमेकांशी आहे. मालक बाजूला बसून दोघांचे आकडे गोळा करीत असतो. 'बॅबिलॉन ५' या मालिकेचे ११० भाग झाले आणि त्यांतील ९२ जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की या एकाच लेखकाने लिहिले. पाच वर्षांची कथा त्याने आरंभीच आखून ठेवली होती. इतका अधिकार फार थोड्यांस लाभतो. तरीही चौथ्या वर्षी मालिका बंद होण्याची धास्ती पडताच त्याला कथानक घाईघाईने आवळावे लागले. पुढे १९९८ मध्ये दुसऱ्या वाहिनीवर पाचवे पर्व मिळाले, तेव्हा आधीच चित्रित केलेला शेवट राखून ठेवून मधली जागा भरावी लागली. ड्रॉइंग त्याचे होते. पण कागद कितीचा मिळणार हे ठरविणारा दुसराच होता.

आपल्याकडे हा अनुभव नवा नाही. संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळात 'वन्समोअर'ची आरोळी हीच प्रेक्षकांची सत्ता होती. पद रंगले की ते पुन्हा, आणि पुन्हा. प्रसंग विरहाचा असो की मरणाचा, नटाने भूमिका बाजूस ठेवून गायकाच्या आसनावर यावे. त्या आरोळीत प्रेम होते, आणि तिच्यामुळे गायन वाढले, हे कोण नाकारील? पण नाटककाराने जेथे दोन पात्रांमध्ये शांतता ठेवली होती तेथे टाळ्या भरल्या गेल्या, आणि रात्र सरली तरी कथा पुढे सरकली नाही.

हे सर्व आम्ही परक्यांविषयी बोलत आहोत असे वाचकांस वाटू नये. आमचाही एक अपराध या खाती जमा आहे. १९८७ साली, आम्ही तरुण असताना, कामगारांच्या एका नाट्यस्पर्धेसाठी आम्ही एक विज्ञाननाटिका लिहिली. तिचा नायक एक यंत्रमानव. कारखान्यात तपासणीच्या कामावर ठेवलेला. पहिल्याच प्रवेशात त्याचा नियम सांगितला होता: सदोष ते भंगारात, अपवाद नाही. शेवटी एके रात्री माप घेता घेता त्याच्या ध्यानात येते की आपला स्वतःचाच हात चळू लागला आहे. आणि तो स्वतःस तांबडा रंग लावून आपल्या पायांनी भंगाराकडे चालू लागतो. तालमीस खात्यातली मंडळी सहकुटुंब येत. आम्हांस हौस आली, आणि आम्ही सर्वांस चिठ्ठ्या वाटल्या: नाटिकेस दहापैकी गुण द्या, आणि काय बदलावे ते लिहा. गुण बरे होते. पण चिठ्ठीमागून चिठ्ठीत एकच मागणी होती. यंत्रमानवास वाचवा. आम्ही वाचविला. एका तरुण इंजिनिअरने येऊन त्याचा हात दुरुस्त केला, त्या इंजिनिअरचे लग्न ठरले, सनई वाजली, आणि स्पर्धेत दुसरे बक्षीस मिळाले.

यंत्रमानवाचे काम करणारा आमच्या खात्यातला एक टर्नर होता. पडदा पडल्यावर तोंडावरचा चंदेरी रंग पुसता पुसता तो म्हणाला, "साहेब, पास झाला यंत्रमानव, पण गेज खोटं लावलंत."

आम्ही हसलो. बक्षीस हातात होते. पुढे मूळ शेवटाचे पान कोठे गेले हे आम्हांस कळले नाही. आम्ही ते शोधलेही नाही. टर्नरला मात्र ते पाठ होते. जेवणाच्या सुट्टीत कधी लहर लागली की तो लेथला टेकून त्यातली वाक्ये म्हणत असे. तो जाऊन आता नऊ वर्षे झाली. आम्हांस त्या शेवटाचा मजकूर आठवतो, शब्द आठवत नाहीत. आणि स्वतः लिहिलेले शब्द ज्याच्याबरोबर गेले त्या माणसास आम्ही हयातीत एकदाही 'म्हणून दाखव' असे म्हटले नाही.

त्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांचा यात काडीचाही दोष नव्हता. त्यांस विचारले, त्यांनी सांगितले. यंत्रमानवावर त्यांचा जीव जडला होता, म्हणूनच तो मरू नये असे त्यांस वाटले. हा तर आमच्या लेखणीचा विजय होता, आणि तो आम्ही पराभव समजून बसलो. तपासनिसाने नापास म्हणावे, का म्हटले ते लिहावे, आणि पत्रक ज्याच्याकडे जावयाचे त्याच्याकडे पाठवावे. ड्रॉइंग बदलावयाचे की नाही हे ज्याच्या सहीने ते निघाले त्याने ठरवावे, आणि ठरविल्याचे प्रायश्चित्तही त्यानेच भोगावे. आमच्या प्रकरणात ड्रॉइंगवरची सही आमची होती. आम्ही ती प्रेक्षकांच्या नावे खपविली, एवढाच काय तो गुन्हा.

त्या गुरुवारी ही गोष्ट आम्ही दोघा तरुणांस सांगितली, आणि सांगताना आमचे सात गुणही परत घेतले. पुतण्या म्हणाला, "काका, मूळचाच शेवट चांगला होता." मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला नाही पटत. ज्याचा हात चळतो, त्याने घेतलेले स्वतःचे माप तरी बरोबर कशावरून? तो सदोष आहे हे त्याला सदोष हातानेच कळले. त्याने आधी दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यायला हवे होते."

अडतीस वर्षांत हा आक्षेप कोणी घेतला नव्हता. आम्हांसही सुचला नव्हता. त्यावर दोघांत पुन्हा वाद पेटला, आणि आमच्या सौभाग्यवतींनी दिवे लावले तरी तो चालूच होता. चाकणकडे जाणारी शेवटची बस चुकेल म्हणून मित्र उठला. दारात पायांत चपला सरकवीत तो म्हणाला, "काका, तो शेवट पुन्हा लिहा. पण मी म्हणतो तसा नको. तुम्हांला पटेल तसाच लिहा. मग मी भांडायला येतो."

किती गुण देणार, हे त्याने सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.